गच्चीवर रेन सेन्सर बसवायचाय, होम असिस्टंटला जोडून. वळवाच्या पावसासाठी कुठला घ्यावा?

गच्ची_वाई

नमस्कार मंडळी, घर वाईला आहे, मी पुण्यात नोकरीला, घरी आई-बाबा दोघंच असतात. होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर चालू आहे, बिनतारी जोडणीसाठी झिगबी डोंगल आहे, टाकीचा पंप, जिन्यातले दिवे, मागच्या परसातल्या ठिबकचा व्हॉल्व्ह हे सगळं त्यावर नीट चालतं. आता त्याला पावसाचा सेन्सर जोडायचाय.

कारण सांगतो. चैत्र-वैशाखात आई गच्चीवर वाळवण घालते, कुरडया, सांडगे, पापड, सगळं. आणि आमच्याकडे एप्रिल-मे मधे दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारनंतर वळीव हे नेहमीचंच आहे, वाऱ्याबरोबर पाच-दहा मिनिटांत आभाळ काळं होतं, ते खाली स्वयंपाकघरात असलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही, आणि आईचे गुडघे आता असे झालेत की दोन जिने पटापट चढणं होत नाही. ज्यांच्या घरी कुरडया करतात त्यांना माहीत असेल, गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून मग सोऱ्यातून पाडायच्या, आणि अर्धवट वाळलेली कुरडई एकदा भिजली की तिला आंबूस वास येतो आणि ती टाकूनच द्यावी लागते. एवढी मेहनत पाण्यात जाताना बघवत नाही.

माझ्या डोक्यात असं आहे की गच्चीच्या अर्ध्या भागाला गुंडाळी होणारी कापडी ऑनिंग बसवलेली आहे, पुढे येणाऱ्या हातांची, २३० व्होल्टची ट्यूब मोटर आहे, भिंतीवर वर-खालीचं बटण आहे. पहिला थेंब पडला की ऑनिंग आपोआप उघडून वाळवणावर यावी, ठिबक बंद व्हावं आणि मोबाइलवर मेसेज यावा. त्यासाठी तो स्वस्तातला चंदेरी पट्ट्यापट्ट्यांचा बोर्ड आणलाय, सोबत निळा छोटा मॉड्यूल येतो तो. टेबलावर पाणी शिंपडून बघितलं, चालतोय. पण बाहेर उन्हापावसात तो टिकतो का, थंडीत दव पडलं तर उगाच पाऊस दाखवेल का, किती मिलिमीटर पडला ते त्यातून कळेल का, आणि ऑनिंगची वायरिंग कशी करावी, हे कुणी केलेलं असेल तर सांगा. पैसे खर्च करायची तयारी आहे पण उगाच नको.

रिलेवाला_पुणे

आधी एक गोष्ट ठरवा. "पाऊस सुरू झाला का" आणि "पाऊस किती पडला" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना दोन वेगळे सेन्सर लागतात. तुमच्याकडचा बोर्ड फक्त पहिल्याचं उत्तर देतो. त्यातून मिलिमीटर काढायच्या भानगडीत पडू नका, बोर्डावर दोन मोठे थेंब पडले आणि वीस बारीक थेंब पडले तरी आकडा सारखाच येऊ शकतो, आणि पाऊस थांबला तरी बोर्ड वाळेपर्यंत तो ओलंच दाखवणार.

आता टिकण्याचं. त्या बोर्डावर दोन कंगव्यासारख्या पट्ट्या एकमेकींत घुसवलेल्या असतात, थेंब पडला की दोघींच्या मधे पाण्याचा पूल होतो आणि रेझिस्टन्स कमी होतो, एवढंच त्याचं काम. पण तुम्ही त्याला कायम डीसी सप्लाय देऊन ठेवलात की ओल्या बोर्डावर इलेक्ट्रोलिसिस चालू होतं आणि एका बाजूच्या पट्ट्या खाऊन जातात, हिरवट-काळं साचतं, एका पावसाळ्यात बोर्ड कामातून जातो. उपाय सोपा आहे. मॉड्यूलचा व्हीसीसी (वीज घ्यायची पिन) कायमच्या सप्लायला न जोडता ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) च्या एका जीपीआयओ पिनला (प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या पिनला) जोडा. दर दहा सेकंदांनी ती पिन चालू करायची, शंभरेक मिलिसेकंद थांबायचं, अॅनालॉग वाचायचं, पिन बंद. मॉड्यूलला करंट थोडाच लागतो, पिनला तेवढा झेपतो. म्हणजे शंभरातला एकच टक्का वेळ बोर्डाला वीज मिळते आणि झीज त्याच प्रमाणात कमी होते. तरी तो बोर्ड कायमचा नाही असंच धरून चाला, वायर सोल्डर करू नका, कनेक्टर ठेवा, मे महिन्याच्या आधी नवीन लावायचा, किंमत फार नसते.

पिनांबद्दल. अॅनालॉग वाचायला जीपीआयओ ३२ ते ३९ मधलीच पिन घ्या, कारण ईएसपी३२ चा दुसरा एडीसी (अॅनालॉग व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) वायफाय चालू असताना वापरता येत नाही. पण ३४ ते ३९ या फक्त इनपुट आहेत, त्यांच्यावरून सप्लाय देता येत नाही. म्हणजे ३४ वर वाचा आणि २५ वरून वीज द्या. मॉड्यूल ३.३ व्होल्टवरच चालवा, ५ व्होल्ट दिलेत तर अॅनालॉग आउटपुट पण ५ पर्यंत जाईल आणि पिन जाईल.

बसवताना बोर्ड आडवा ठेवायचा नाही, साधारण ३० अंश तिरका ठेवा म्हणजे पाणी ओघळून जातं आणि पाऊस थांबल्यावर लवकर वाळतो. झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. कबुतरं बसतात अशा कठड्यावर पण नको, विष्ठेने पण तो ओलाच दाखवतो.

दवाचं म्हणाल तर हो, दाखवणार. पण तुम्हाला गजर फक्त दुपारी हवाय ना, मग ऑटोमेशनला वेळेची अट घाला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. दव त्याच्या बाहेर राहतं. आणि "ओलं" लगेच मानायचं पण "सुकलं" पंधरा-वीस मिनिटांनी मानायचं, ईएसपीहोम (ईएसपी३२ मधे घालायचं, होम असिस्टंटशी बोलणारं सॉफ्टवेअर) मधे डिले ऑफ नावाचा फिल्टर आहे त्यासाठीच, नाहीतर भुरभुरीत दर मिनिटाला चालू-बंद, चालू-बंद होत राहील.

मोटारवाईंडर_कोल्हापूर

बाकीचं नंतर बोलू, आधी ऑनिंगचं बोलायला पाहिजे, कारण ते धोक्याचं आहे.

दादा, वळवाच्या पावसात पुढे हात येणारी ऑनिंग उघडायची नसते, मिटवायची असते. तुम्ही स्वतःच लिहिलंय की वाऱ्याबरोबर आभाळ येतं. वळीव म्हणजे आधी वारा, धूळ, मग गारा नाहीतर टपोरे थेंब. त्या वाऱ्यात तीन मीटर पुढे आलेलं कापड म्हणजे शीडच, खालून वारा भरला की हात वाकतात, नाहीतर भिंतीतले अँकर बोल्ट उपटून येतात. आमच्या भागात एका घरची अशीच निघालेली ऑनिंग मी उतरवायला गेलोय, विटांचा तुकडा ब्रॅकेटला चिकटून आला होता आणि कापड शेजारच्या विजेच्या तारेजवळ लोंबत होतं. खाली त्या वेळी कोणी असतं तर काय झालं असतं याचा विचार करा, आणि तुमच्याकडे तर त्याच वेळी आई-बाबा वाळवण गोळा करायला वर येणार.

प्रत्येक ऑनिंगच्या कागदावर वाऱ्याची मर्यादा दिलेली असते ती बघा. ताशी २५-३० किलोमीटरच्या वर मी तरी कुठलीच उघडी ठेवू देत नाही. पाऊस साचून कापडाला पोट येतं तेही वाईटच, पाण्याचं वजन किती होतं ते लोकांना कळत नाही, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, आणि उतार कमी असेल तर सगळीकडचं पाणी मधे गोळा होतं.

म्हणून ऑटोमेशन उलटं करा. वारा वाढला की मिट, पाऊस आला तरी मिट. आणि त्यासाठी वाऱ्याचा कप सेन्सर लागेल, हवामान स्टेशनच्या सुट्या पार्टमधे मिळतो, आत रीड स्विच (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) असतो, त्या नेहमीच्या तीन कपवाल्याचं माप सेकंदाला एक क्लिक म्हणजे ताशी २.४ किलोमीटर असं आहे. म्हणजे सेकंदाला दहा क्लिक आले की २४ झाले, मिटवायला सुरुवात करा.

वायरिंग. ट्यूब मोटरला चार वायरी असतात, न्यूट्रल, अर्थ, आणि वर-खालीच्या दोन फेज. त्या दोन फेजना एकाच वेळी वीज कधीही जाता कामा नये, मोटर जळते. सॉफ्टवेअरमधला इंटरलॉक (एक चालू असताना दुसरं चालू न होऊ देणारा) हवाच पण नुसता त्यावर भरवसा ठेवू नका, रिले (कंट्रोलरने चालवायचा विजेचा स्विच) चिकटला तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. दोन रिले असे जोडा की पहिला रिले फक्त वीज चालू-बंद करेल आणि दुसरा चेंजओव्हर रिले दिशा ठरवेल, मग दोन्ही फेज एकदम मिळणं शक्यच होत नाही. दिशा बदलताना मधे अर्धा-एक सेकंद थांबा. आणि दोन मोटरी एका स्विचवर समांतर जोडू नका. हे २३० व्होल्टचं काम आहे, हात बसलेला नसेल तर गावातल्या वायरमनकडून करून घ्या, त्याला फक्त ड्रॉइंग द्या.

कुडाळची_ताई

वरचं ऑनिंगचं शंभर टक्के बरोबर आहे. मी पावसाच्या मापाबद्दल लिहिते, आमच्याकडे कोकणात तो विषय मोठा.

मिलिमीटर हवे असतील तर टिपिंग बकेट घ्या. आत सी-सॉ सारखी दोन छोटी पात्रं असतात, एक भरलं की ते कलंडतं आणि दुसरं खाली येतं, प्रत्येक कलंडीला चुंबक रीड स्विचवरून जातो आणि एक पल्स मिळतो. सुट्या पार्टमधे मिळणाऱ्या नेहमीच्या प्लास्टिकच्या गेजला एक टिप म्हणजे ०.२७९४ मिलिमीटर असं छापलेलं असतं. त्याला वीज लागत नाही, दोन वायरी, बास. ईएसपी३२ च्या पिनला पुलअप (स्विच उघडा असताना पिन ३.३ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) देऊन जोडलं की झालं. एकच लक्षात ठेवा, रीड स्विच उसळतो, एका टिपचे दोन-तीन पल्स मोजले जातात आणि पाऊस दुप्पट दिसतो. ईएसपीहोम मधला पल्स काउंटर ईएसपी३२ वर हार्डवेअर काउंटर वापरतो आणि त्याचा फिल्टर १३ मायक्रोसेकंदांच्या वर जातच नाही, रीड स्विचला तो पुरत नाही. हार्डवेअर काउंटर बंद करा म्हणजे फिल्टर मोठा देता येतो, मी १०० मिलिसेकंद ठेवलाय.

कंपनीने छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, घरी तपासून घ्या. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा, नळीवर ती चाकवाली क्लिप असते ना, त्याने थेंब पाहिजे तेवढे हळू करता येतात. गेजच्या फनेलचं तोंड मोजा, माझ्याकडच्याचं ११ सेंमी बाय ५ सेंमी आहे, म्हणजे ५५ चौरस सेंमी, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस = ५.५ मिली पाणी. ११० मिली पाणी तासाभरात थेंबथेंब सोडलं तर तो २० मिलिमीटर पाऊस झाला, ७१-७२ टिप यायला हव्यात. तुमच्या ६५ आल्या तर २० भागिले ६५, म्हणजे एक टिप ०.३०८ मिलिमीटर धरा. पाणी भसकन ओतलं तर हिशोब चुकतो, कारण पात्र कलंडत असतानाच्या क्षणी पडणारं पाणी मोजलं जात नाही. म्हणूनच आषाढात आमच्याकडे जो धो धो पडतो त्यात हे गेज नेहमी थोडं कमीच दाखवतं, ते तसंच असतं हे धरून चालायचं.

बसवताना गवंड्याची पाणसळ लावून एकदम लेव्हलला बसवा, तिरकं बसलं तर एक पात्र आधी कलंडतं. आणि दर पंधरवड्याला एकदा उघडून बघा. आत कोळी जाळं करतो, मुंग्या अंडी घालतात, फनेलच्या भोकात एक पान अडकलं की भर पावसात शून्य मिलिमीटर. फनेलमधे तारेच्या जाळीचा छोटा गोळा ठेवला की पानं वर राहतात. पायाच्या खांबाला ग्रीस लावलं की मुंग्या चढत नाहीत.

आणखी एक, रोजचा आकडा रात्री बारा ते बारा धरू नका. हवामान खातं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे २४ तास धरतं. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा सगळ्यांना पाठ आहे, तो २७ ला सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा आहे. होम असिस्टंटच्या युटिलिटी मीटरला (ठरावीक काळाची बेरीज ठेवणाऱ्या सोयीला) क्रॉनने, म्हणजे वेळापत्रकाने, साडेआठची वेळ देता येते, तशी दिलीत की तालुक्याच्या आकड्याशी तुमचा आकडा ताडून बघता येतो. मला ते रोज बघायला फार आवडतं, आमच्या आगरात आणि दोन मैलांवरच्या गावात कधीकधी निम्म्याचा फरक असतो.

तासगाव_बेदाणा

आमच्या बेदाणा शेडला पावसाचा सेन्सर आहे म्हणून लिहितोय. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं जाळीच्या रॅकवर वाळत असतात, साधारण पंधरा दिवस, आणि शेड चारी बाजूंनी उघडं, कारण वारा खेळला नाही तर बेदाणा होत नाही. अवकाळी आला आणि शेवटच्या टप्प्यातला माल भिजला की तो काळा पडतो आणि भाव निम्म्यावर. बाजूचे पडदे माणसंच सोडतात, सेन्सर फक्त उठवतो.

आम्ही तो पट्ट्यांचा बोर्ड नाही, ऑप्टिकल वापरतो, हायड्रिऑनचा आरजी-११. गाडीच्या काचेवर वायपर आपोआप चालू होतो त्याच तत्त्वावर आहे, घुमटाच्या आत इन्फ्रारेड किरण फिरत असतो, बाहेरून थेंब पडला की तो बाहेर निसटतो आणि आत कमी पोहोचतो. बाहेर उघडा धातू नाही म्हणून गंजणं नाही, हलणारा भाग नाही म्हणून मुंग्या-कोळी नाही. १२ व्होल्ट द्यायचे, आतला रिले लागतो, तो रिले कुठल्याही ईएसपीच्या पिनला. महाग आहे हे खरं, त्या बोर्डाच्या कितीतरी पट. मिलिमीटर पण हवे असतील तर त्यांचाच आरजी-१५ येतो, तो सिरियलवर आकडा देतो, ईएसपीहोम मधे त्याचा कंपोनंट तयार आहे. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १० टक्के इकडेतिकडे धरायचं.

घरच्या कुरडयांसाठी एवढा खर्च करा असं मी म्हणणार नाही. पण फक्त थेंबावर विसंबू नका. थेंब पडला तेव्हा उशीर झालेला असतो, शेडवर माणूस झोपलेला असतो, उठून पडदा सोडेपर्यंत पाच मिनिटं जातात. आम्ही आभाळ गडगडायला लागलं की उठतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं दामिनी अॅप फोनवर ठेवलंय, आसपास वीज पडायला लागली की कळतं.

गच्ची_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑनिंगचं कळलं, उघडायचं ऑटोमेशन रद्द, वाऱ्यावर मिटायचं करतो, आणि चेंजओव्हर रिलेचं ड्रॉइंग काढून आमच्या वायरमनला दाखवतो.

पण मग मूळ अडचण तीच राहते. आई वर जाऊन वाळवण उचलणार असेल तर तिला थेंबाच्या आधी दहा मिनिटं तरी कळायला हवं. त्याला काही करता येईल का? आणि दुसरं, जोराचा वारा सुटला की आमच्याकडे लाईट जातेच, मग राउटर बंद, रास्पबेरी पाय बंद, सेन्सर काय कामाचा? आणि जून ते सप्टेंबर रोज गजर वाजत बसला तर बाबा तो उपटूनच टाकतील.

रिलेवाला_पुणे

तिन्हीला उत्तर आहे.

आधी सूचना. वळवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर पसरत पुढे येते, आपल्याला तो गार वाऱ्याचा झोत आणि मातीचा वास येतो ना, तीच. पाऊस तिच्या मागून येतो. म्हणजे तापमान थेंबाच्या आधी पडतं. गच्चीवर सावलीत, चारी बाजूंनी हवा खेळेल अशा पांढऱ्या झडपांच्या खोक्यात एक बीएमई२८० (तापमान मोजणारा सेन्सर) लावा. होम असिस्टंटमधे डेरिव्हेटिव्ह हेल्पर आहे, तो बदलाचा वेग देतो. एप्रिल-मे मधे दुपारी तीन ते सहा मधे दहा मिनिटांत तीन अंशांपेक्षा जास्त उतरलं आणि त्याच वेळी वाऱ्याचे क्लिक वाढले, तर वळीव आलाच असं समजा. नुसतं तापमान घेऊ नका, ढगाची सावली आली तरी एखादा अंश उतरतो, दोन्ही अटी एकत्र ठेवा. कधी वारा येऊन पाऊस बाजूनं निघून जाईल, तेव्हा खोटा गजर होईल, पण तेवढं चालवून घ्या, आईंना एकदा उगाच वर जावं लागलं तरी कुरडया वाचल्या. आणखी हवं असेल तर एएस३९३५ नावाचा विजेचा सेन्सर येतो, ४० किलोमीटरपर्यंतचा कडकडाट पकडतो, ईएसपीहोम मधे चालतो. पण तो मोटर आणि स्वस्त चार्जरच्या आवाजानं फसतो, पंपापासून लांब लावावा लागतो. तुम्ही आधी तापमान-वारा करून बघा.

लाईटचं. गजराचं ऑटोमेशन होम असिस्टंटमधे ठेवूच नका, ईएसपीच्याच आत लिहा. ईएसपीहोम मधे तशी सोय आहे, सेन्सरचा आकडा बदलला की त्याच ईएसपी३२ च्या दुसऱ्या पिनवरचा १२ व्होल्टचा हूटर ट्रान्झिस्टरवरून वाजवायचा. स्वयंपाकघरापर्यंत दोन वायरी ओढून हूटर तिथेच बसवा. मग राउटर, रास्पबेरी पाय, इंटरनेट काहीच नसलं तरी तो वाजणार. वीज द्यायला १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि चार्जर, ईएसपीसाठी ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (१२ चे ५ करणारा). आणि हे विसरू नका: वायफाय किंवा होम असिस्टंट सापडलं नाही तर ईएसपीहोम १५ मिनिटांनी स्वतःला रीस्टार्ट करतं, मुळातच तसं सेट असतं. वायफाय आणि एपीआय (होम असिस्टंटशी जोडणी) दोन्हीकडचा रीबूट टाइमआउट शून्य करा, नाहीतर लाईट गेलेली असताना तो दर पाव तासाला बंद-चालू होत बसेल.

पावसाळ्यातल्या गजराचं. गच्चीच्या दाराशी एक बटण बसवा, त्याच ईएसपीला जोडलेलं, शेजारी एक लाल एलईडी. वाळवण किंवा कपडे पसरले की बटण दाबायचं, एलईडी लागतो, गजर जागा होतो. उचललं की परत दाबायचं. रात्री आठला आपोआप बंद. म्हणजे जुलैत कोणी दाबणारच नाही आणि हूटर गप्प राहील. घरातल्या मोठ्या माणसांना मोबाइल अॅपपेक्षा हे जास्त जमतं, दिवा लागला म्हणजे लक्ष ठेवलं जातंय एवढंच त्यांना कळायला हवं.

तुमच्या मोबाइलवरचा मेसेज वेगळा राहू दे, लाईट असेल तेव्हा येईल, त्याचा उपयोग तुम्ही पुण्यातून फोन करून "आई, वर जा" म्हणायला.

कुडाळची_ताई

बटणाची कल्पना फार आवडली. आमच्याकडे कोकमं आणि सुपारी वाळत असते तेव्हा मी पण हेच करणार.

ठिबकचं राहिलं म्हणून सांगते. पहिल्या थेंबाला ठिबक बंद करू नका, वळीव कधीकधी नुसता शिडकावा करून जातो आणि झाडं दोन दिवस उपाशी राहतात. हवामान खातं २.५ मिलिमीटरला पावसाचा दिवस म्हणतं पण तेवढ्यानं पाचोळ्याखालची माती भिजत नाही. हिशोब करा, ताशी ४ लिटरचा ड्रिपर अर्धा तास चालला तर झाडाला २ लिटर मिळतं. आळं अर्ध्या चौरस मीटरचं असेल तर तेवढं पाणी पावसातून मिळायला ४ मिलिमीटर पडावा लागतो, आणि त्यातलं थोडं वाहून जाणार. म्हणून मी मागच्या २४ तासांत ६ मिलिमीटरच्या वर झाला तरच एक पाळी वगळते, २० च्या वर झाला तर दोन. कुंड्यांना हा नियम लावू नका, कुंडीच्या तोंडावर फार थोडं पाणी पडतं आणि पानांच्या छत्रीमुळे ते पण बाहेर जातं, कुंड्यांची लाइन वेगळ्या व्हॉल्व्हवर घ्या.

गच्ची_वाई

हे फारच मोलाचं आहे सगळं. ठरलं असं: बोर्ड जीपीआयओवरून वीज देऊन, टिपिंग बकेट ठिबकसाठी, वाऱ्याचा कप ऑनिंग मिटवायला आणि गजरासाठी, बीएमई२८०, हूटर स्वयंपाकघरात, बटण दाराशी. सगळं एकाच ईएसपी३२ वर.

एक शेवटचं, गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंत हूटरची वायर साधारण पंधरा मीटर होईल, भिंतीच्या बाहेरून. विजांचा त्रास होईल का? कॅट६ शिल्लक आहे ती चालेल?

मोटारवाईंडर_कोल्हापूर

कॅट६ चालेल, हूटरला करंट कमी लागतो, दोन जोड्या एकत्र करून घ्या म्हणजे व्होल्टेज पडणार नाही. बाहेरून नेताना पीव्हीसी पाइपमधून न्या, उघडी केबल उन्हानं दोन वर्षांत तडकते.

जवळ वीज पडली तर लांब वायरीत झटका येतो आणि ईएसपी जातो, ते पूर्ण टाळता येत नाही. पण हूटरच्या वायरीला ईएसपीच्या टोकाला टीव्हीएस डायोड (जास्तीचं व्होल्टेज अडवणारा) टाका आणि मधे ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून देणारा, वीज थेट न जोडणारा) ठेवा, बराच फरक पडतो. गेज आणि वाऱ्याचा कप यांच्या वायरी शक्य तेवढ्या आखूड ठेवा, ईएसपीचा डबा त्यांच्याच खांबावर बसवा. खांब लोखंडी असेल तर तो गच्चीवरची सगळ्यात उंच वस्तू होऊ देऊ नका, टाकीपेक्षा खालीच राहू दे.

डब्याला केबल ग्लँड (वायर आत घ्यायची घट्ट बसणारी चकती) खालच्या बाजूनं घ्या, वरून कधीच नको, आणि आत शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. डब्याच्या तळाला तीन मिलिमीटरचं एक भोक ठेवा, लोक सगळं सिलिकॉननं बुजवतात आणि मग आतलीच वाफ थंड होऊन ईएसपीच्या बोर्डावर पाणी धरते. त्या भोकाला बारीक जाळी चिकटवा, गांधीलमाशा डब्यात घर करतात.

बॅटरी गच्चीवर ठेवू नका, खाली सावलीत ठेवा आणि तिथून १२ व्होल्ट वर न्या, त्याच पाइपमधून. बॅटरीच्या पॉझिटिव्हला एक फ्यूज टाका, हूटर आणि ईएसपी मिळून २ अँपिअरचा पुरे. आणि एप्रिल लागायच्या आधी एकदा मेन स्विच बंद करून, बोर्डावर पाणी शिंपडून, आईंना खाली स्वयंपाकघरात मिक्सर लावायला सांगून हूटर ऐकू येतो का ते बघा. मिक्सर बॅटरीवर चालणार नाही, तेव्हा तो शेजाऱ्यांकडून वायर ओढून नाहीतर तुमच्या इन्व्हर्टरवर लावा, पण आवाजात तपासा.